सअद बिन रबीअ (रजि.) : दार उघडणाऱ्याच्या घराची गोष्ट

हिजरतीचा विषय निघाला की आपल्या घरांत एक प्रसंग हमखास सांगितला जातो. मक्केहून रिकाम्या हाताने आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आणि त्यांना आपली अर्धी संपत्ती देऊ करणारे मदीनेचे हजरत सअद बिन रबीअ (रजि.). मदरशात मुलांना ही गोष्ट सांगतात, जुमाच्या बयानात ती येते, वलीम्याचा विषय निघाला की तेव्हाही येते. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी दुआ दिली, बाजाराचा रस्ता विचारला आणि काही वर्षांत ते मोठे व्यापारी झाले. बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते.

पण ज्यांनी दार उघडले त्या सअद (रजि.) यांचे पुढे काय झाले? त्यांच्या बायको-मुलींचे काय झाले? हा अर्धा भाग फार कमी घरांत सांगितला जातो. खरे तर आज आपल्याला त्याचीच जास्त गरज आहे. निर्वासितांचे हाल आपण टीव्हीवर पाहतो, त्यांच्यासाठी दुआ करतो, चंदाही देतो. पण ज्या गावाने त्यांना आसरा दिला, त्या गावाची चूल कशी पेटते, हा प्रश्न क्वचितच कुणाच्या मनात येतो. मदीनेत तो विचारला गेला होता आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते. सअद (रजि.) यांचे आयुष्य त्या उत्तराशी जोडलेले आहे.

यस्रिबचे दिवस

मदीनेचे जुने नाव यस्रिब. हे एकसंध शहर नव्हते. खजुरीच्या बागा, जवाची शेते, विहिरी आणि त्यांच्या आसपास कबिल्यांच्या वेगवेगळ्या वस्त्या, असे ते गाव होते. औस आणि खजरज हे दोन मोठे अरब कबिले तिथे राहत, शिवाय काही यहुदी कबिलेही होते. मक्केचे कुरैश व्यापारावर जगत, यस्रिबचे लोक जमिनीवर. पाऊस, विहीर आणि खजुराचा मोसम यांवर त्यांचे वर्ष ठरायचे.

सअद बिन रबीअ बिन अम्र हे खजरज कबिल्याच्या बनू हारिस या शाखेचे. त्यांच्याकडे बागा आणि मालमत्ता होती. इब्ने सअद या चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे इस्लामपूर्व काळातही त्यांना लिहिता येत होते. त्या काळी अरबांमध्ये लिहिता येणारे लोक मोजकेच होते. म्हणजे घरचा चांगला, हिशेबाला पक्का आणि चार लोकांत मान असलेला असा हा माणूस होता.

मात्र यस्रिब त्या वर्षांत सुखात नव्हते. औस आणि खजरज पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी लढत आले होते. हिजरतीच्या सुमारे पाच वर्षे आधी बुआसची लढाई झाली. तिच्यात दोन्ही बाजूंचे अनेक सरदार मारले गेले. घराघरांत विधवा आणि यतीम होते. ज्या गावाने पुढे मुहाजिरांना पोटाशी धरले ते गाव स्वतःच जखमी होते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. भरल्या पोटी पाहुणा जेवू घालणे वेगळे. इथे यजमानाच्याच घरात नुकता मातम होऊन गेला होता.

इ.स. ६२२ मध्ये हजच्या दिवसांत यस्रिबचे काही लोक मीनाजवळच्या अकबा घाटीत रात्री लपूनछपून प्रेषित मुहम्मद (स.) यांना भेटले. ७३ पुरुष आणि दोन स्त्रिया, अशी संख्या सीरतच्या ग्रंथांत येते. प्रेषित (स.) आपल्या गावी आले तर आपल्या बायका-मुलांचे रक्षण करतो तसे त्यांचे रक्षण करू, अशी बैअत त्यांनी केली. या लोकांमधून बारा नकीब, म्हणजे आपापल्या कबिल्याचे जबाबदार प्रतिनिधी, निवडण्यात आले. बनू हारिसकडून दोघे होते. एक अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) आणि दुसरे सअद बिन रबीअ (रजि.).

नकीब होणे म्हणजे मिरवायचे पद नव्हते. अरबस्तानातल्या सर्वांत बलाढ्य कबिल्याशी वैर ओढवून घेण्याचा तो निर्णय होता. सअद (रजि.) यांनी विचार करून आणि जबाबदारी घेऊन हा शब्द दिला होता.

दारात आलेले लोक

त्यानंतर मक्केचे मुसलमान एकेक-दोनदोन करून मदीनेत येऊ लागले. कुणाचे घर मागे राहिले, कुणाचा माल कुरैशांनी अडवून ठेवला, कुणाची बायको-मुले तिथेच अडकली. प्रेषित (स.) स्वतः आल्यावर तर मदीना हीच मुहाजिरांची जागा झाली.

एक व्यवहाराचा प्रश्न लगेच उभा राहिला. येणारे बहुतेक व्यापारी होते, त्यांना शेतीची सवय नव्हती. गाव मात्र शेतीचे. बागा तेवढ्याच, विहिरी तेवढ्याच, खाणारी तोंडे मात्र वाढली. भाऊबंद एकाच वाड्यात राहायला आले तरी महिन्याभरात कुरबुरी सुरू होतात, हे आपण पाहतोच. इथे तर कबिला वेगळा, धंदा वेगळा, सवयी वेगळ्या. नव्या हवेने काही मुहाजिर तापाने आजारीही पडले. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) दोघांनाही त्या तापाने गाठले होते.

या परिस्थितीत प्रेषित (स.) यांनी मुवाखात केली. एका मुहाजिराला एका अन्सारीचा भाऊ बनवले. पुस्तकांतल्या एका गणतीप्रमाणे सुरुवातीला दोन्ही बाजूंचे मिळून नव्वद जण या नात्यात बांधले गेले. सगळा भार एखाद्या श्रीमंतावर टाकला नाही आणि कुणाला वाऱ्यावरही सोडले नाही. प्रत्येक येणाऱ्याला एक दार मिळाले आणि प्रत्येक दारावर एकाचीच जबाबदारी आली.

सअद (रजि.) यांच्या वाट्याला अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. पुढचा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे. सअद (रजि.) यांनी नव्या भावाला सांगितले की अन्सारमध्ये सर्वांत जास्त माल माझ्याकडे आहे, त्यातला अर्धा तुम्ही घ्या. त्यांच्या दोन पत्नी होत्या. त्यांतली जी पसंत पडेल तिला मी तलाक देतो, इद्दत संपली की तुम्ही निकाह करा, असेही ते म्हणाले. आजच्या वाचकाला, विशेषतः आपल्या बहिणींना, हे ऐकून अवघडल्यासारखे होईल. त्या काळच्या अरब रिवाजातून आलेला तो प्रस्ताव होता आणि तो स्वीकारला गेला नाही, एवढे इथे नोंदवू. याच घरातल्या एका बाईचा स्वतःचा आवाज पुढे आपल्याला ऐकू येणार आहे.

अब्दुर्रहमान (रजि.) यांनी सअद (रजि.) यांच्या घरादारासाठी बरकतीची दुआ केली आणि बाजार कुठे आहे तेवढे विचारले. बनू कैनुकाच्या बाजारात जाऊन त्यांनी सुक्या दह्याची आणि तुपाची खरेदी-विक्री सुरू केली. संध्याकाळी थोडा नफा घेऊन घरी आले. काही दिवसांनी त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधाची खूण दिसली तेव्हा कळले की त्यांनी एका अन्सारी स्त्रीशी निकाह केला आहे आणि खजुराच्या बीइतके सोने महर म्हणून दिले आहे. प्रेषित (स.) यांनी त्यांना एक बकरी का होईना कापून वलीमा करायला सांगितले.

आपण या प्रसंगात अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या स्वाभिमानाचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण जरा सअद (रजि.) यांच्या बाजूने पाहा. पाहुण्याने अर्धा माल घेतला असता तर या घराची पुढची वर्षे कशी गेली असती? पाहुणा स्वतःच्या पायावर उभा राहिला म्हणून यजमानाचे घरही उभे राहिले. पाहुण्याचा रोजगार हा यजमानाच्याही भल्याचा असतो, तो असा.

बाग कुणाची, मेहनत कुणाची

सअद (रजि.) यांच्यासारखी तयारी इतर अन्सारनेही दाखवली. खजुरीच्या बागा आमच्यात आणि मुहाजिर भावांमध्ये वाटून टाका, अशी विनंती त्यांनी प्रेषित (स.) यांना केली. भावनेच्या भरात कुणीही हो म्हटले असते. प्रेषित (स.) यांनी नकार दिला. मग असे ठरले की मुहाजिरांनी बागेच्या कामाला हात लावायचा आणि पिकात वाटा घ्यायचा. अन्सारनी मान्य केले, मुहाजिरांनीही मान्य केले.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. झाड ज्याचे होते त्याचेच राहिले. येणाऱ्याला काम मिळाले, कामाच्या बदल्यात फळ मिळाले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, जमीन एकदा हातची गेली की परत येत नाही. मदत करणाऱ्याची जमीनच मदतीत गेली असती तर दहा वर्षांनी मदीनेत मुहाजिर सुखात आणि अन्सार मजुरीला, असे चित्र दिसले असते आणि त्यातून जो राग निघाला असता त्याने भाऊपणा कधीच गिळून टाकला असता.

याशिवाय काही अन्सारी घरांनी ठरावीक झाडे मुहाजिरांना फळ खाण्यासाठी दिली. झाड मालकाचे, फळ पाहुण्याचे, अशी ती उसनवारी होती. प्रेषित (स.) यांनी मुसलमानांसाठी मोकळ्या जागेत वेगळा बाजारही ठरवून दिला आणि तिथे कर बसवायचा नाही असे सांगितले. त्याचा फायदा फक्त मुहाजिर व्यापाऱ्यांना झाला असे नाही, अन्सारच्या खजुरालाही तिथे गिऱ्हाईक मिळाले असणार. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी नंतर आठवण सांगितली आहे की मुहाजिर भाऊ बाजारात गुंतलेले असत आणि अन्सार भाऊ आपल्या बागा-शेतांत. ज्याचा जो धंदा होता त्यात तो रमला.

आणखी एक गोष्ट होती. सुरुवातीला मुवाखातचे भाऊ एकमेकांचे वारसही ठरत होते. अन्सारी वारला तर त्याच्या मालात मुहाजिर भावाचा हक्क लागायचा. येणाऱ्यांचे पाय थोडे रोवले गेल्यावर कुरआनच्या आदेशाने हा नियम बंद झाला आणि वारसा रक्ताच्या नात्याकडे परत गेला. प्रेम, मदत, वसीयत यांना वाट मोकळी राहिली, पण घरच्या लेकरांचा हक्क घरच्या लेकरांनाच. अडचणीच्या काळातली तात्पुरती सोय कायमची होऊ दिली नाही.

बद्र, उहुद आणि शेवटचा निरोप

इ.स. ६२४ मध्ये बद्रची लढाई झाली. सअद (रजि.) त्यात होते. वर्षभराने कुरैश बदला घेण्यासाठी मोठे सैन्य घेऊन निघाले. वाकिदी यांनी लिहिले आहे की प्रेषित (स.) यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांनी मक्केहून पत्राने ही खबर कळवली. प्रेषित (स.) ते ऐकून सअद (रजि.) यांच्या घरी गेले, त्यांना बातमी सांगितली आणि ती बाहेर फुटू देऊ नका असे बजावले. अशा नाजूक वेळी प्रेषित (स.) ज्याच्या उंबऱ्यावर जातात, त्या माणसावर त्यांचा किती विश्वास असेल!

शव्वाल हिजरी ३, म्हणजे इ.स. ६२५ चा मार्च. उहुदच्या पायथ्याशी लढाई झाली. सुरुवातीचा विजय हातातून निसटला आणि सुमारे ७० मुसलमान शहीद झाले. त्यांत मुहाजिर मोजके होते. हजरत हमजा (रजि.) आणि हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) यांची नावे आपल्याला पाठ आहेत. बाकी जवळजवळ सगळे अन्सार. म्हणजे शहिदांची बहुतेक मय्यत मदीनेच्या स्थानिक घरांतली होती. निर्वासितांना आसरा देण्याची सर्वांत मोठी किंमत त्या दिवशी यजमानांनी मोजली.

लढाई थांबल्यावर प्रेषित (स.) यांनी विचारले की सअद बिन रबीअची खबर कोण आणील. एक सहाबी मृतांमधून शोधत गेले. सअद (रजि.) जखमांनी भरलेले पडले होते, श्वास अजून चालू होता. त्यांनी प्रेषित (स.) यांना सलाम कळवायला सांगितला आणि त्यांच्यासाठी दुआ केली. आपल्या लोकांना, म्हणजे अन्सारना, त्यांनी असा निरोप धाडला की तुमच्यातल्या एकाचीही पापणी हलत असताना प्रेषित (स.) यांना इजा पोहोचली तर अल्लाहपुढे तुमची कोणतीही सबब चालणार नाही. अकबाच्या रात्री दिलेला शब्द त्यांना शेवटच्या श्वासापर्यंत आठवत होता. त्यांना त्यांच्याच कुळातल्या खारिजा बिन जैद (रजि.) यांच्यासोबत एका कबरीत दफन केले गेले. हे खारिजा (रजि.) हजरत अबू बक्र (रजि.) यांचे अन्सारी भाऊ होते. दोन मुहाजिरांचे दोन यजमान एकाच मातीत शेजारी झोपले.

दोन मुली आणि एक चुलता

इथून गोष्टीचा तो भाग सुरू होतो जो आपण सांगत नाही.

सअद (रजि.) यांच्यामागे पत्नी आणि मुली राहिल्या. मुलगा नव्हता. त्या काळचा अरब रिवाज असा की जो घोड्यावर बसून लढू शकतो तोच वारस. बायका आणि लहान मुले वारसांत मोडतच नव्हती. सअद (रजि.) यांच्या भावाने रिवाजाप्रमाणे सगळा माल ताब्यात घेतला. त्याच्या मते त्याने काही वावगे केले नव्हते, बापजादे असेच करत आले होते.

ज्या घराचा मालक अर्धी संपत्ती पाहुण्याला द्यायला निघाला होता, त्या घरातल्या मुलींच्या हातात आता काहीच उरले नाही. तीन वर्षांत हे घर देणाऱ्यांच्या रांगेतून मागणाऱ्यांच्या रांगेत आले.

सअद (रजि.) यांची पत्नी गप्प बसली नाही. हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. ती दोन मुलींना घेऊन प्रेषित (स.) यांच्याकडे आली. तिने सांगितले की या सअदच्या मुली आहेत, यांचे वडील उहुदमध्ये तुमच्यासोबत शहीद झाले, यांच्या चुलत्याने सगळे घेतले, यांच्यासाठी काहीही ठेवले नाही आणि मालाशिवाय यांची लग्ने होणार नाहीत. तिने रडगाणे गायले नाही, हिशेब मांडला. नवऱ्याने दिलेल्या शब्दाची किंमत या घराने मोजली आहे, आता या घराचे काय, एवढाच तिचा सवाल होता.

प्रेषित (स.) यांनी स्वतःच्या मनाने तोडगा काढला नाही. याचा निर्णय अल्लाह करील, असे त्यांनी सांगितले. मग वारसाहक्काच्या आयती उतरल्या, ज्या आज सूरह निसामध्ये आहेत. प्रेषित (स.) यांनी त्या चुलत्याला बोलावले आणि सअदच्या मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे आणि उरलेले तुझे, असा आदेश दिला.

हिशेब सोपा करून पाहू. मालाचे २४ भाग केले तर १६ भाग दोन्ही मुलींचे, म्हणजे प्रत्येकीला आठ. तीन भाग आईचे. उरलेले पाच भाग भावाचे. काल ज्याच्याकडे चोवीसच्या चोवीस होते, त्याच्याकडे आज पाच राहिले. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्या तिघींकडे एकोणीस आले. ही खैरात नव्हती, जकात नव्हती. तो त्यांचा हक्क होता, अल्लाहने ठरवून दिलेला.

फराइजचा, म्हणजे वारसावाटपाचा जो कायदा आज जगभरचे मुसलमान मानतात, त्याच्या मुळाशी एका यजमानाच्या घरातला हा खटला आहे. निर्वासितांना आसरा देणाऱ्या माणसाचे घर त्याच्या मागे उघडे पडू नये, हे त्या दिवशी कायद्याने ठरले.

परत केलेली झाडे

यजमानांवरचा भार उतरवण्याचे काम पुढेही चालू राहिले. हिजरी ४ मध्ये बनू नजीर हा कबिला मदीनेतून बाहेर काढला गेला. त्यांच्या जमिनी प्रेषित (स.) यांनी मुख्यतः मुहाजिरांना दिल्या. अन्सारपैकी गरजू असलेल्या दोघांनाच त्यातला वाटा मिळाला. वरवर पाहता यजमान डावलले गेले असे वाटेल. पण मुहाजिरांची स्वतःची सोय झाली तसा अन्सारच्या घरांवरचा बोजा कमी झाला.

हिजरी ७ मध्ये खैबरनंतर मुहाजिरांनी अन्सारची ती उसनी झाडे परत केली. हजरत अनस (रजि.) यांच्या आईने, उम्मे सुलैम (रजि.) यांनी, काही खजुरीची झाडे प्रेषित (स.) यांना दिली होती. तीही त्यांना परत मिळाली. सात वर्षांनी का होईना, झाड मूळ दारात परत आले. आपल्याकडे गरजेला घेतलेले भांडेसुद्धा परत करताना आठवण करून द्यावी लागते!

आपल्या शेवटच्या आजारपणात प्रेषित (स.) यांनी अन्सारबद्दल खास ताकीद दिली. त्यांनी सांगितले की अन्सारनी आपले कर्तव्य पुरे केले आहे, त्यांचे येणे मात्र अजून बाकी आहे. लोक वाढत जातील आणि अन्सार कमी होत जेवणातल्या मिठाइतके राहतील. म्हणून जो सत्तेवर येईल त्याने त्यांच्यातल्या चांगल्यांची कदर करावी आणि चुकणाऱ्यांना माफ करावे. यजमान स्वतःच्या गावात थोडे होतात आणि विसरले जातात, हा धोका प्रेषित (स.) यांना दिसत होता.

सअद यांची लेक, सअद यांचा नातू

सअद (रजि.) यांची एक मुलगी उम्मे सअद. वाकिदी यांच्या नोंदीप्रमाणे उहुदच्या वेळी ती आईच्या पोटात होती. ती यतीम मुलगी हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या देखरेखीखाली वाढली. ती भेटायला आली की अबू बक्र (रजि.) तिच्यासाठी आपले वस्त्र अंथरत. ही कोण, असे हजरत उमर (रजि.) यांनी विचारले, तेव्हा तुमच्या-माझ्याहून चांगल्या माणसाची ही लेक आहे, असे उत्तर त्यांनी दिल्याची रिवायत आहे. मुहाजिरांतला सर्वांत मोठा माणूस एका यजमानाच्या मुलीला असा मान देत होता.

उम्मे सअद यांचा निकाह हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याशी झाला. फराइजच्या ज्ञानात सहाबांमध्ये ज्यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तेच हे जैद (रजि.). वाकिदी सांगतात की हजरत उमर (रजि.) यांच्या काळात जैद (रजि.) यांनी पत्नीला कळवले की आता पोटातल्या बाळालाही वारसा दिला जातो, तुला वडिलांच्या मालातला हक्क मागायचा असेल तर माग. त्यावर आपण भावंडांकडे काही मागणार नाही, असे त्या म्हणाल्या. इथे क्रम पाहा. आधी हक्क सांगितला गेला, निर्णय तिच्यावर सोडला गेला, मग तिने मनाने सोडले.

त्यांचे पुत्र खारिजा बिन जैद (रह.) हे मदीनेच्या सात मोठ्या फकीहांपैकी एक झाले. चरित्रकार लिहितात की खारिजा (रह.) आणि तलहा बिन अब्दुल्लाह बिन औफ (रह.) हे दोघे लोकांच्या घरांचे, खजुरीच्या बागांचे, मालाचे वारसावाटप करून देत, दस्तऐवज लिहून देत आणि त्याचा मोबदला घेत नसत. हे तलहा (रह.) कोण? अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे पुतणे. म्हणजे ज्याने आसरा दिला त्याचा नातू आणि ज्याने आसरा घेतला त्याचा पुतण्या एकत्र बसून लोकांच्या लेकीबाळींचे हिस्से मोजून देत होते. लिहिता येणाऱ्या सअद (रजि.) यांच्या नातवाच्या हाती लेखणी होती.

आज आपल्यासाठी

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. उखिया आणि टेकनाफच्या गरीब गावकऱ्यांनी पहिल्या दिवसांत त्यांना भात दिला, अंगण दिले. पुढे छावण्यांसाठी आणि सरपणासाठी डोंगरावरचे जंगल तुटले, मजुरीचे दर पडले, बाजारात वस्तू महागल्या आणि त्याच गावकऱ्यांच्या तोंडी तक्रार येऊ लागली. त्यांना कृतघ्न किंवा निष्ठुर म्हणणे सोपे आहे. पण त्यांची बाग कुणी वाचवली, त्यांची झाडे कुणी परत केली? तिथल्या मदतीच्या आराखड्यांत आता स्थानिक लोकांसाठीही हिस्सा धरला जातो आणि ते बरोबरच आहे. जगातले बहुसंख्य निर्वासित श्रीमंत देशांत नाहीत, शेजारच्या गरीब किंवा मध्यम देशांतच राहतात. त्यांच्यासाठी सदका देताना आसरा देणाऱ्या गावाची शाळा, विहीर आणि दवाखाना यांचाही विचार आपण केला पाहिजे.

आणि एक गोष्ट घरातली. आपल्याकडे अब्बांच्या इंतकालनंतर बहिणींना तलाठ्याकडे किंवा वकिलाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. किती हिस्सा बसतो हे बऱ्याचदा तिला सांगितलेलेही नसते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते आणि आपण म्हणतो की तिने खुशीने सोडले. उम्मे सअद यांना आधी हक्क सांगितला गेला होता, हे अशा वेळी आठवावे. सअद (रजि.) यांच्या भावाचे नाव आज कुणाला ठाऊक नाही. त्याने घेतलेले एकोणीस भाग त्याला परत करावे लागले, एवढेच लोकांना ठाऊक आहे.

पुढच्या वेळी मुलांना अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची गोष्ट सांगाल तेव्हा बाजारापाशी थांबू नका. उहुदपर्यंत जा, तिथून त्या विधवेसोबत प्रेषित (स.) यांच्या दरबारात जा आणि चोवीस भागांचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. मुलींना आधी विचारा.